अर्धवेळ गणवेश (लेखांक ५) : खुर्ची आधी, काम मागाहून

मागच्या रविवारी आपण अमेरिकेच्या नॅशनल गार्ड आणि आर्मी रिझर्व्हमधला फरक पाहिला. गार्डचा सैनिक एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली, रिझर्व्हचा थेट वॉशिंग्टनच्या. त्यावर न्यू जर्सीहून एका आईंनी विचारलं आहे : ‘मुलगा कम्युनिटी कॉलेजात आहे, रिझर्व्हमध्ये जायचं म्हणतो. कोणतं काम घ्यायला सांगू? बढतीही मिळाली पाहिजे आणि बाहेर नोकरीलाही उपयोग झाला पाहिजे.’

काम म्हणजे एमओएस. दोन आकडे आणि एक अक्षर. ११बी म्हणजे पायदळ, ६८डब्ल्यू म्हणजे जखमींवर जागच्या जागी उपचार करणारा मेडिक, ८८एम मालट्रकचा चालक, ९२जी स्वयंपाकी. शंभराच्या वर कामांची ही यादी वाचायला बसलं की पोरं हरखून जातात. आधी अॅस्वॅब नावाची परीक्षा होते, तिच्या गुणांवरून काही दारं उघडतात, काही मिटतात. मेडिक व्हायचं तर जीटी या गटात १०७ आणि एसटी या गटात १०१ हवेत. इथवर सगळं वधू-वर सूचक मंडळासारखं चालतं : स्थळं पुष्कळ, निवड तुमची.

मग भरती करणारा सार्जंट संगणकात तुमचा झिप कोड घालतो आणि यादी एकदम आकसते.

पूर्णवेळ सैनिकाला सैन्य टेक्सासला पाठवतं, कोरियाला पाठवतं. जिथे जागा तिथे माणूस. अर्धवेळ सैनिक मात्र आपल्या गावात राहतो, आपली नोकरी करतो आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिलला जातो. गाडीने जाऊन येण्याजोग्या अंतरात जी युनिट्स आहेत आणि त्यांत ज्या जागा आज रिकाम्या आहेत, तेवढीच त्याची यादी. त्यातही रिझर्व्हचा पिंडच वेगळा. २३ एप्रिल १९०८ रोजी त्याची सुरुवात झाली ती डॉक्टरांच्या राखीव दलापासून, आणि आजही तिथे भर आहे तो वैद्यकीय, वाहतूक, पुरवठा, बांधकाम असल्या कामांवर. अख्ख्या आर्मी रिझर्व्हमध्ये पायदळाची बटालियन एकच, हवाईतली १०० वी, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी-अमेरिकन सैनिकांची परंपरा सांगणारी. न्यू जर्सीच्या मुलाला पायदळच हवं असेल तर त्याने गार्डचं दार ठोठवावं.

आता बढती. स्पेशालिस्ट या हुद्द्यापर्यंत, म्हणजे ई-४ पर्यंत, माणूस बहुधा काळाच्या ओघानेच पोचतो; साधारण दोन वर्षं, अंगावर काही बालंट नको आणि वरिष्ठांची ना नको. वाचक आईंसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. कॉलेजची २४ क्रेडिट्स झाली असतील तर भरतीच्या दिवशीच एक पायरी वर, ४८ असतील तर दोन, आणि पदवी असेल तर थेट स्पेशालिस्ट. तेव्हा चिरंजीवांच्या हातात ४० क्रेडिट्स असतील तर एक सत्र थांबायला काय हरकत आहे?

खरी कोंडी पुढे. सार्जंट व्हायचं तर साधारण तीन आठवड्यांचा नेतृत्वाचा अभ्यासक्रम हवा, शिफारस हवी आणि त्या हुद्द्याची, त्याच एमओएसची, पोचण्याजोग्या अंतरात रिकामी खुर्ची हवी. जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायकाची जागा सुटण्याची वाट पाहत कनिष्ठ म्हणूनच केस पिकवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खुर्चीवरचा सार्जंट उठत का नाही, तर त्याचं पेन्शन पिकायचं असतं. अर्धवेळ सैनिकाला पेन्शनसाठी वीस ‘चांगली वर्षं’ लागतात आणि चांगलं वर्ष म्हणजे किमान ५० गुणांचं. दलात असल्याचे १५, वर्षभराच्या ड्रिलचे ४८, उन्हाळी शिबिराचे साधारण १५. नियमाने येणाऱ्याचे ७८ सहज होतात. एवढं सोपं मोजमाप असताना बाराव्या-पंधराव्या वर्षी कोण उठेल? तो त्याच गावात राहतो, ड्रिलला त्याच ठिकाणी येतो आणि पोरगा त्याच्याकडे बघत स्पेशालिस्टच राहतो.

म्हणून माझं मत असं : कामाचं नाव नंतर विचारा, आधी खुर्च्या मोजा. ज्या कामाची जवळपासच्या युनिटमध्ये एकच जागा आहे, मग ते कितीही रुबाबदार असो, तिथे वर जायला शिडीच नाही. वाहतूक कंपनीत चालक पुष्कळ, त्यामुळे त्यांच्यावरचे सार्जंटही पुष्कळ. ९२वाय हे पुरवठ्याचं काम तर कुणाच्या स्वप्नात येणार नाही : ब्लँकेटं मोजा, रायफलींची नोंद ठेवा, हरवलेल्या हेल्मेटसाठी सह्या घ्या. पण कंपनी तिथे पुरवठा सार्जंट. उद्या मुलगा नोकरीसाठी न्यू जर्सीहून ह्यूस्टनला गेला तरी तिथे त्याला खुर्ची सापडण्याची शक्यता मोठी. हाच हिशेब फार थोडे लोक करतात. विशीतला मुलगा दहा वर्षं एका झिप कोडमध्ये राहील हे गृहीत कशाला धरायचं?

ही चौकशी भरतीच्या टेबलावर नीट होत नाही. त्या माणसाला महिन्याची संख्या गाठायची असते आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. युनिटमध्ये पूर्णवेळ पगारावर काम पाहणारी दोन-चार माणसं असतात. ड्रिलच्या शनिवारी परवानगी काढून तिथे जावं आणि त्यांनाच विचारावं : या एमओएसचे सार्जंट इथे किती, आणि कोणाची किती वर्षं राहिली?

बाहेरच्या नोकरीचं गणित वेगळं आहे. तिथे विचारायचं एवढंच, की या कामातून फाटकाबाहेर चालणारा कागद मिळतो का? मेडिकला मिळतो. दहा आठवड्यांचं बेसिक झालं की सॅन अँटोनियोत सोळा आठवडे शिक्षण, आणि त्यात ईएमटीची, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांची, राष्ट्रीय परीक्षा पास झाल्याशिवाय सुटका नाही. मात्र ईएमटीचा पगार अमेरिकेत बेताचाच. पुढे नर्सिंगला किंवा फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाला जायचं असेल तर ती पहिली पायरी चांगली. ६८सी केलं तर वर्षभराच्या शिक्षणानंतर परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स होता येतं. ट्रक चालवणाऱ्याला जड वाहनाचा दोन वर्षांचा लष्करी अनुभव दाखवता आला तर व्यावसायिक परवान्याची प्रत्यक्ष चालवून दाखवायची परीक्षा माफ होऊ शकते. पायदळातून असा कागद मिळत नाही. शिस्त मिळते, हे खरं, पण नोकरीच्या अर्जावर शिस्तीचा रकाना नसतो.

आपल्या घरांत सगळ्यांचा डोळा असतो २५बी वर, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानावर. तिथे हात बसणं ड्रिल आणि शिबिर मिळून वर्षाला ३९ दिवसांत शक्य नाही. सर्व्हरची भाषा तेवढ्यात बदलून गेलेली असते. त्या कामाची खरी किंमत वेगळीच आहे : सुरक्षा मंजुरी. व्हर्जिनिया-मेरीलंडच्या पट्ट्यात संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या आधी तीच विचारतात, कारण नव्या माणसासाठी ती मिळवणं म्हणजे वेळ आणि पैसा. मुलगा सेवेत असेपर्यंत ती जिवंत राहू शकते. मात्र मंजुरी फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवर भरती होता येतं, पण मंजुरी लागणारी कामं यादीतून गळतात, अधिकारीपदही गळतं.

दिवसभर जे करतो तेच शनिवार-रविवारीही करायचं का, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. रोज रुग्णालयात राबणारी नर्स ड्रिलला जाऊन बुलडोझर चालवण्यात सुख मानत असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. याच्या अगदी उलट टोकही गेल्या वर्षी दिसलं. जून २०२५ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांतली चार बडी मंडळी रिझर्व्हमध्ये थेट लेफ्टनंट कर्नल झाली, त्यांत पॅलंटिरचे श्याम शंकर हे भारतीय वंशाचे. बाहेरच्या कामाच्या जोरावर आत हुद्दा! १९०८ च्या डॉक्टरांचीच ती तऱ्हा, पण तुमच्या-आमच्या मुलांसाठी तो रस्ता नव्हे.

नोकरी देणाऱ्याची भीती मात्र फार बाळगू नये. १९९४ च्या युसेरा कायद्याने सेवेवरून परतलेल्याला नोकरी परत द्यावी लागते, आणि तीही मधल्या काळात तो तिथेच असता तर जिथवर चढला असता त्या पायरीची. वकील याला सरकत्या जिन्याचं तत्त्व म्हणतात.

करार आठ वर्षांचा असतो. त्यातली सहा वर्षं प्रत्यक्ष ड्रिलची आणि उरलेली नुसत्या यादीवरची, अशी वाटणी नेहमीची. एमओएस त्या कागदावर लिहिलेला असलाच पाहिजे; ‘नंतर बदलून देऊ’ हे तोंडी बोलणं तिथे चालत नाही. आणि आईंनी न विचारलेलं एक. भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी सैन्यातल्या माणसाला, सेवेतल्या असो वा निवृत्त, भारतात व्हिसाविना ये-जा करू देणारं ओसीआय कार्ड मिळत नाही. यात महिन्याला दोन दिवस जाणाऱ्यासाठी वेगळी सवलत नाही. ज्याच्याकडे कार्ड आधीच आहे त्याने सही करण्यापूर्वी न्यू यॉर्कच्या वाणिज्य दूतावासाला लेखी विचारावं. आजी-आजोबा साताऱ्याला असतील तर हा कागद बाकी सगळ्या कागदांच्या आधी वाचावा.

(पुढच्या रविवारी : करारनाम्यातला बोनस, आणि तो परत कधी द्यावा लागतो)