लहान कारखान्याचें सामाईक दप्तर

पूर्वीं कारखान्याचें दप्तर म्हणजे रोजकीर्द, खतावणी आणि नकाशांच्या गुंडाळ्या ठेवण्याचें एक लोखंडी कपाट असे. त्याची किल्ली मुनिमाच्या कमरेला असली कीं मालकाला रात्रीं स्वस्थ झोंप लागे. आतां तें कपाट नाममात्र उरलें आहे. अहिल्यानगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतींत किंवा पारनेर तालुक्यांतील सुप्याच्या परिसरांत यंत्रांचे सुटे भाग करणारा एखादा लहान कारखाना पाहावा. त्याचे नकाशे, मालाच्या नोंदी, पगारपत्रकें, जीएसटीचीं बिलें, सारें कांहीं संगणकाच्या डिस्कवर असतें. ती डिस्क निकामी झाली तर लेथ धड असूनही कोणता भाग किती मापाचा कापावयाचा, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

धंदा वाढतो तसे संगणकही वाढतात. हिशेबाचा सर्व्हर एक, नकाशांचा दुसरा, हजेरीचा तिसरा. एकाची डिस्क भरून वाहते, दुसऱ्याची निम्मी रिकामी राहते. अशा वेळीं विक्रेता येऊन सांगतो कीं, तुम्हांला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ हवें, थोडक्यांत, ‘सॅन’. हें सॅन म्हणजे काय, तें कोणाला हवें, आणि हवें असल्यास बेताच्या पैशांत कसें निवडावें, याचा विचार कारखानदारानें स्वतः करणें बरें.

प्रवरेचे पाट पाहिलेल्या जिल्ह्याला ही कल्पना समजण्यास जड जाऊं नये. विहीरबागायतींत ज्याचें पाणी त्याच्याच विहिरींत; एकाची विहीर तुडुंब, तर शेजारच्याची कोरडी, असें होतें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. तेथें पाणी एका ठिकाणीं सांठतें आणि कालव्या-चाऱ्यांतून ज्याच्या त्याच्या शेताशीं पोंचतें. सॅनमध्यें डिस्कांची एक सामाईक पेटी हें धरण, जोडणीच्या तारा व स्विच हे कालवे, आणि प्रत्येक सर्व्हर हें एकेक शेत. सर्व्हरला मात्र आपल्या वांट्याची जागा स्वतःच्याच पोटांतील डिस्क असल्यासारखी दिसते.

येथेंच एक भेद ध्यानांत ठेवावा. ‘नास’ नांवाचें दुसरें, पुष्कळ स्वस्त यंत्र मिळतें. तें दप्तरखान्यांतील कारकुनासारखें असतें. फाइल मागावी, तें ती काढून देतें. सॅन फाइल देत नाहीं, कोरी जमीन देतें. तिच्यावर बांध कसे घालावयाचे तें सर्व्हर ठरवितो. म्हणून एकच तुकडा दोन सर्व्हरांना दिला आणि तो वांटून वापरण्याची खास व्यवस्था केली नाहीं, तर दोघेही आपापले बांध घालतात व दोघांचेंही पीक जातें. अनेक ठिकाणच्या नासाडीचें मूळ या अज्ञानांत असतें.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, सॅन हवेंच काय? एकच सर्व्हर असेल तर त्याच्याच पोटांत चांगल्या डिस्का बसविणें पुरे. चार-सहा माणसांना नकाशे व पत्रें वांटून घ्यावयाचीं असतील तर नास पुरे. दोन-तीन सर्व्हर असतील, त्यांवर अनेक कामें चालत असतील, आणि एक सर्व्हर पडतांच त्याचें काम दुसऱ्यानें उचललें पाहिजे अशी निकड असेल, तेव्हांच सॅनचा खर्च सार्थकीं लागतो.

निकड ठरली, तरी मोजमाप केल्यावांचून खरेदी करूं नये. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवितात. कारखानदारानेंही तीन गोष्टी मोजाव्या. आज सांठा किती व तो वर्षाला किती वाढतो. कामाच्या ऐन वेळीं डिस्कवर मागण्यांचा भार किती पडतो. आणि काम किती तास बंद राहिलेलें व किती तासांच्या नोंदी बुडालेल्या सोसतील.

समजा, आज ३ टेराबाइट सांठा आहे व तो दरवर्षीं चतुर्थांशानें वाढतो. पांच वर्षांनीं तो सुमारें ९ टेराबाइट होईल. चार टेराबाइटच्या सहा डिस्का घेतल्या तर कागदावर २४ टेराबाइट दिसतात. हातीं तेवढे येत नाहींत. दोन डिस्का एकदम गेल्या तरी माहिती वांचावी अशी ‘रेड ६’ नांवाची मांडणी केली तर १६ उरतात. प्रत्येक डिस्कची जोडीदार प्रत ठेवणारी ‘रेड १०’ मांडणी केली तर १२ उरतात. मग रेड ६ च बरी, असें वाटेल. परंतु तींत प्रत्येक लहान नोंद लिहितांना डिस्कांना साधारण सहा वेळां हालचाल करावी लागते. रेड १० मध्यें दोनच वेळां. नकाशांच्या मोठ्या फाइलींना पहिली चालेल. दिवसभर बारीक बारीक नोंदी होणाऱ्या हिशेबाला दुसरी बरी. फिरती डिस्क विखुरलेल्या मागण्या सेकंदाला शंभराच्या आसपासच पुरवूं शकते; फिरता भाग नसलेली एसएसडी हजारोंनीं पुरविते. म्हणून हिशेबापुरत्या दोन एसएसडी व बाकीच्यांस फिरत्या डिस्का, ही वांटणी पुष्कळदां काटकसरीची ठरते.

आतां कालव्यांचा विचार. ‘फायबर चॅनल’ ही जुनी व भरंवशाची रीत. पण तिला निराळे स्विच, निराळीं कार्डें आणि निराळा जाणकार लागतो. ‘आयस्कझी’ ही रीत २००४ सालीं प्रमाणित झाली. तींत डिस्कच्या आज्ञा कचेरींत असतो तशाच साध्या इथरनेट तारेवरून जातात. लहान कारखान्याला हीच परवडते. मात्र सांठ्याची वाहतूक आणि कचेरीची रोजची वाहतूक एका स्विचवर मिसळूं नये. एक गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला सुमारें ११० मेगाबाइट जातात. म्हणजे एक टेराबाइटची प्रत करण्यास अडीच तास. रात्रींतून प्रत पुरी होत नसेल तर दहा गिगाबिटची तार घ्यावी. ‘ट्रूनास’सारखी विनामूल्य प्रणाली साध्या सर्व्हरवर बसवूनही आयस्कझीची पेटी तयार करतां येते, पण ती सांभाळणारा माणूस हाताशीं हवा.

या सगळ्यांत एक गोष्ट विक्रेते क्वचितच बोलतात. सांठा एकत्र केला कीं धोकाही एकत्र होतो. विहीर आटली तर एका शेताचें नुकसान. धरण रिकामें झालें तर साऱ्या लाभक्षेत्राचें. म्हणून विक्रेत्याला विचारावें कीं, या रचनेंतील कोणता एकच भाग बिघडला तर सर्व थांबेल? नियंत्रक एकच आहे काय? वीजपुरवठ्याचें यंत्र, स्विच, तार दुहेरी आहेत काय? सुटा भाग पुण्याहून येण्यास किती तास लागतील? जुनी वापरलेली पेटी स्वस्तांत मिळते, परंतु तिच्या डिस्का आणखी किती वर्षें मिळतील, हें पाहूनच तिला हात लावावा. वीज गेल्यावर सर्व कांहीं शिस्तीनें बंद होईल एवढा वेळ देणारा यूपीएसही त्याच अंदाजपत्रकांत धरावा.

आणि रेड म्हणजे सुरक्षित प्रत, हा समज सोडावा. चुकून पुसलेली फाइल रेडच्या सर्व डिस्कांवरून एकाच क्षणीं पुसली जाते. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रणालीनें जगभरच्या संगणकांवरील फाइली कुलुपबंद केल्या. अशा हल्ल्यापुढें जोडलेली डिस्क दुहेरी असो वा तिहेरी, ती सारखीच. दुसरी प्रत निराळ्या यंत्रावर आणि तिसरी वास्तूबाहेर, जाळ्यापासून तोडलेली, हवी. कायदाही हेंच सांगतो. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थेनें संगणकावरील हिशेबाची प्रत भारतांतील सर्व्हरवर रोज ठेवावी, असा नियम २०२२ पासून आहे. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

पैसे कमी पडले तर मुख्य पेटी लहान घ्यावी, पण प्रतीचा खर्च कापूं नये. खरेदीनंतर दर तिमाहीस एक दिवस ठरवून जुन्या प्रतीवरून एक नकाशा व एका महिन्याचा हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. तो उघडला तर दप्तर शाबूत आहे. उघडला नाहीं, तर हें कळण्याला तीच वेळ बरी. गिऱ्हाईक दारांत उभें असतांनाची नव्हे.