पिल्लू उचलण्याआधी

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या बाजारपेठेच्या गावात मांजराचं पिल्लू कुठेही सापडू शकतं. कडब्याच्या गंजीत, दुकानातल्या पोत्यांमागे, उभ्या ट्रॉलीखाली. त्याचं ओरडणं ऐकून कुणीतरी ते उचलतं, वाटीत गाईचं दूध देतं, आणि पुष्कळदा दोन दिवसांत ते दगावतं. इथे दया कमी पडत नाही, घाई नडते. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. घरं सातच असतात असं नाही, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. जागा ओली झाली, माणसांची ये-जा वाढली, की मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते. त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू टाकलेलंच असतं असं नाही. आई दुसऱ्याला पोहोचवायला किंवा भक्ष्य शोधायला गेलेली असू शकते. म्हणून पिल्लू अंगानं स्वच्छ असेल, पोट भरलेलं असेल, तर लांब उभं राहून काही तास वाट पाहणं हेच त्याला वाचवण्याचं पहिलं काम आहे. अंग गार पडलं असेल, डोळे चिकटले असतील किंवा कुत्री घुटमळत असतील, तर मात्र थांबू नये.

आई खरंच येत नसेल तर आधी ऊब, मग दूध. जन्मानंतरचे तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात. वरच्या दुधानं पिल्लाला हगवण लागते आणि एवढ्याशा जिवातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. पिल्लांसाठीची तयार दूध पावडर मिळते, ती द्यावी. पाजताना पिल्लू पालथं, चारही पायांवर असावं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू आपण होऊन लघवीही करत नाही. आई चाटते तसं ओल्या कोमट फडक्यानं हळूच पुसावं लागतं.

थांबून पाहण्यात जीव जाईल, असा आक्षेप कुणी घेईल. पण घाईची किंमत याच नगर जिल्ह्यानं मोजली आहे. 9 एप्रिल 2024 रोजी, गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण मृत्युमुखी पडले. कमरेला दोरी बांधून उतरलेला सहावा वाचला. त्या माणसांच्या मायेबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण अशा खड्ड्यात विषारी वायू साचतो, आणि दोर, माणसं, अग्निशमन दल यांच्याआधी उडी घेतल्यानं ना मांजर वाचतं ना माणूस.

पुढचा प्रश्न घराचा. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, ही समजूत गावोगाव आहे. म्हणून मारत कुणी नाही, पण पोत्यात घालून शिवेबाहेर सोडतात. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. शिवाय माळावर सोडलेलं मांजर जगलंच, तर जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल-लाव्यांवर तुटून पडतं. त्यापेक्षा घर शोधणं सोपं आहे. ज्वारीच्या या पट्ट्यात धान्य साठवणाऱ्या प्रत्येक वस्तीवर उंदीर आहेत, म्हणजे मांजराला काम आहे. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावरच द्यावं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताची सवय झालेलं पिल्लू नव्या घरी लवकर रुळतं.

लोक बोका मागतात आणि मादी नाकारतात, ही खरी अडचण. त्यांचं चुकत नाही. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. त्यावर उपाय नसबंदीच्या शस्त्रक्रियेचाच. गावातला दवाखाना गाई-शेळ्यांत गुंतलेला असतो आणि खर्चही होतो, हे मान्य. पण एका मादीच्या शस्त्रक्रियेनं पुढची कित्येक पिल्लं रस्त्यावर येणं टळतं, आणि तीन-चार घरांनी मिळून गाडी केली तर नगरची फेरी जड जात नाही. तेव्हा मादी पिल्लू कुणाला देणार असाल, तर शस्त्रक्रियेची जबाबदारी तुम्ही घ्या आणि ते देतानाच सांगा.