विषाणू दमला, फौज थांबेना!

आपल्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी इवले इवले वायुकोश असतात. सगळे उलगडून अंथरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा आख्खा फ्लॅटच! हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणून प्राणवायू क्षणात पलीकडे पोचतो, आणि म्हणूनच तिथली थोडीशी सूजही जिवावर बेतते.

हा पडदा दर वेळी विषाणूच फाडतो असं मात्र नाही. विषाणू शिरला की पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप धाडतात. निरोप पोचताच रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्याजवळची जहाल रसायनं आपलं-परकं बघत नाहीत. त्याहून अचाट गोष्ट म्हणजे काही न्यूट्रोफिल मरता मरता स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात! त्यात जंतू अडकतात खरे, पण त्याच जाळ्याभोवती रक्तही गोठतं आणि बारीक गुठळ्या होतात. इकडे निरोपांवर निरोप सुटतच राहतात. विषाणूंची संख्या उतरणीला लागली तरी ही धुमश्चक्री थांबत नाही, आणि वायुकोशांत प्रथिनांनी भरलेलं पाणी साचत जातं.

वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंट नावाचा निसरडा थर असतो. तो तयार करणाऱ्या पेशींवरच कोरोना विषाणू हल्ला चढवतो. थर गेला की वायुकोश मिटतात.

‘सीटी स्कॅनचा स्कोअर किती आला?’ हा कोविडकाळातला, २०२१मधला घरोघरचा प्रश्न आठवतो? फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला पाच गुण, म्हणून तो पंचवीसपैकी असायचा. सीटी स्कॅनमध्ये दिसणारे धुरकट पांढरे डाग म्हणजे बरंचसं हे साचलेलं पाणी आणि सूजच.

असाच संशय एका जुन्या साथीबद्दलही आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झानं मुंबईमार्गे हिंदुस्थानात शिरून कोटीहून अधिक बळी घेतले. त्यात २० ते ४० वयाची धडधाकट माणसं फार गेली. तरुणांची जोमदार प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटली असावी, असा एक तर्क आहे. (जिवाणूंचा न्यूमोनियाही त्यात मोठा गुन्हेगार होता, हे विसरायला नको.) अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहाच्या फुप्फुसांतून त्या विषाणूची जनुकं मिळाली आणि २००५मध्ये तो विषाणू पुन्हा घडवला गेला. २००७मध्ये माकडांना त्याची लागण केली, तेव्हा त्यांच्या प्रतिकारयंत्रणेचा तोल पार सुटला होता.

वटवाघळं याच्या अगदी उलट. त्यांची दाह पेटवणारी यंत्रणा मवाळ असते, त्यामुळे कितीतरी विषाणू अंगात बाळगूनही ती सहसा आजारी पडत नाहीत.

मग अशा फुप्फुसांना सांभाळायचं कसं? फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की तो दबतो. म्हणून व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवतात. २०१३च्या एका फ्रेंच चाचणीत एवढ्यानंच २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६वर आले. नवं औषध नाही, फक्त कूस बदलली!

सगळ्यात मोलाचा धडा डेक्सामेथासोननं दिला. हे १९५०च्या दशकातलं, दाह दाबणारं स्वस्त स्टेरॉइड. २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज फक्त ६ मिलिग्रॅम दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना काडीचाही फायदा झाला नाही. कारण सुरुवातीला विषाणूशी लढायला प्रतिकारशक्तीची हीच फौज हवी असते. ती तेव्हाच दाबून टाकणं महागात पडतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बेसुमार स्टेरॉइड आणि मधुमेह एकत्र आले, तिथं म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं महाराष्ट्रात किती डोळे, किती जबडे नेले ते आपण पाहिलंय.

तेव्हा ताप आला म्हणून घरातली जुनी चिठ्ठी काढून स्टेरॉइड सुरू करू नका. धाप लागली किंवा रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली उतरला, तर मात्र घरी न थांबता थेट दवाखाना गाठा.