'सेन्सिटिव्ह' : एका विशेषणाचा प्रवास

'सेन्टिरे' म्हणजे जाणवणे. या लॅटिन क्रियापदापासून निघालेले 'सेन्सिटिव्ह' हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. प्रारंभी त्याचा अर्थ 'इंद्रियांनी जाणू शकणारा' एवढाच होता. ॲरिस्टॉटलला अनुसरणारे मध्ययुगीन पंडित वनस्पतींहून प्राण्यांचे वेगळेपण सांगताना ते वापरीत. मौज अशी की, सतराव्या शतकात इंग्रजांनी ते चक्क एका वनस्पतीला, म्हणजे लाजाळूला, बहाल केले! पुढे ते मनाकडे वळले. छायाचित्राच्या फिल्मला आणि गोपनीय कागदपत्रांनाही लागू झाले.

भाषांतरकाराची अडचण येथेच सुरू होते. सरसकट 'संवेदनशील' लिहिणे मला तरी पटत नाही. त्वचा नाजूक असते. माणसाविषयी हे विशेषण कौतुकाने आले असेल, तर 'संवेदनशील' शोभते. तक्रारीने आले असेल, तर 'मनाला लावून घेणारा' असेच म्हणावे लागते.