अणुभट्टीचा कचरा काचेत कोंडतात, पण तो तिथे टिकतो का?

लासलगाव म्हटलं की कांदा. याच गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ केंद्र उभारलं. इथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांमुळे कांद्याला कोंब फुटणं थांबतं. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे तसे फॉरवर्ड आले तर सोडून द्या.

खरा प्रश्न वेगळा आहे. हा कोबाल्ट अणुभट्टीत तयार होतो आणि भट्टी चालली की वापरलेलं इंधन उरतं. त्यातलं कामाचं काढून घेतल्यावर राहतं ते अतिशय किरणोत्सारी द्रव. त्याचं काय करतात?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला ते काचेच्या कच्च्या मालासोबत वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात. म्हणजे कचरा नुसता काचेत ठेवलेला नसतो, तो काचेचाच भाग होतो.

पण काच वाटते तितकी स्थिर नसते. तिच्या आत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं वेडंवाकडं जाळं असतं. त्याच्या पोकळ्यांत सोडियम, सीझियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बसलेले असतात. काचेला पाणी लागलं की पाण्यातले हायड्रोजनचे आयन आत शिरतात आणि सोडियम बाहेर पडतो. एसटीत एक उतरला की त्या सीटवर दुसरा बसतो, तसंच. तुमच्या मोबाईलची काच याच अदलाबदलीने मजबूत करतात. तिथे सोडियमच्या जागी मोठा पोटॅशियम घुसवतात.

कचऱ्याच्या काचेत मात्र ही अदलाबदल म्हणजे गळतीची सुरुवात. सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मा होतो, पण काही मूलद्रव्यं हजारो वर्षं टिकतात. तेवढं थांबून प्रयोग कोण करणार?

म्हणून कॉम्प्युटर मॉडेल. त्यात हजारो अणू मांडून प्रत्येकावरचं बल मोजतात आणि त्यांना पुढे सरकवतात. एक पाऊल किती? सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातले एक-दोन. यातून आयनांचा वेग कळतो. तो पुढच्या गणितात घातला की वर्षांचा अंदाज येतो. साधा नियम असा: दुप्पट खोल जायला चौपट वेळ.

प्रत्यक्षात काचेचं जाळंही हळूहळू विरघळतं, त्यामुळे नुसत्या गणितावर भागत नाही. म्हणून फ्रान्सजवळच्या समुद्रात सुमारे १८०० वर्षं पडून राहिलेल्या रोमन काचेवर अशी मॉडेल्स तपासली गेली आहेत.

थोडक्यात, आपण कोंडलेला कचरा पुढच्या पिढ्यांना किती दिवस त्रास देणार नाही, हे आज सांगायचं असेल तर आधी काचेतल्या या सीटबदलाचा हिशोब लागायला हवा.