आचोळ्याहून नागपूर : विमानाचें अंतर आणि प्रवासाचा वेळ

आचोळ्याच्या एखाद्या गृहस्थास नागपूरहून निरोप यावा कीं वडील अत्यवस्थ आहेत, आणि त्यानें घड्याळाकडे पाहून विचारावें : विमान किती वेळांत पोंचवील? तिकिटावर उत्तर असतें : सुमारें दीड तास. हें उत्तर खोटें नाहीं, पण पुरतेंही नाहीं.

सांताक्रूझच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगांव येथील विमानतळापर्यंतचें सरळ अंतर सुमारें ६८० किलोमीटर भरतें. येथें सरळ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन टांचण्या टोंचून त्यांमध्यें दोरा ताणला असतां तो ज्या वाटेनें बसेल, तीच सर्वांत जवळची वाट. आगगाडीस ही मोकळीक नाहीं. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, मनमाड, भुसावळ, वर्धा असा तिचा मार्ग मुंबईपासून ८३७ किलोमीटरांचा होतो, व वेगवान गाडीसही सुमारें अकरा तास लागतात.

जेट विमानाचा उंचावरील वेग ताशीं ८०० किलोमीटर धरला, तर ६८० किलोमीटरांस ५१ मिनिटें पुरावींत. मग दीड तास कां? चढतांना व उतरतांना हा वेग नसतो. शिवाय तिकिटावरील वेळ विमान जागेवरून हललें तेव्हांपासून पलीकडे पुन्हा उभें राहीपर्यंतचा असतो. धांवपट्टीपर्यंत सरकणें, तेथील रांग, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घातलेल्या घिरट्या, हें सर्व त्यांत येतें.

वाराही आपला वांटा घेतो. हिवाळ्यांत उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात; नागपुरास जातांना ते पाठीशीं असतात, परततांना तोंडावर येतात. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटर मानल्यास मधल्या ४०० किलोमीटरांस जातांना २७ व येतांना ३४ मिनिटें लागतील.

नागपूर देशाच्या मध्याजवळ आहे, याचा उपयोग टपालखात्यानें १९४९ च्या जानेवारींत केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि सकाळपर्यंत तीं परत जात.

थैलीस मात्र घरापासून विमानतळ गांठावा लागत नाहीं, माणसास लागतो. आचोळ्याहून नालासोपारा स्थानक, तेथून लोकलनें अंधेरीपर्यंत सुमारें ३४ किलोमीटर, पुढें रिक्षा : यास दोन तास धरावे. विमान सुटण्यापूर्वीं दोन तास, विमानाचा दीड तास, आणि नागपुरांत सामान घेऊन घर गांठण्यास एक तास. बेरीज साडेसहा तास! तिकिटावरचा वेळ तिच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तेव्हां तिकीट कोणत्या विमानतळाचें, हें आधीं पाहावें. आचोळेकरास तो बराच लांब पडतो.

म्हणून निरोप सकाळीं आला व दुपारच्या विमानांत जागा मिळाली, तर विमानच बरें. परंतु निरोप सायंकाळीं आला आणि विमान दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठाचें असलें, तर घर गांठण्यास साडेदहा वाजतील. रात्रीं आठ-नऊच्या सुमारास निघालेली वेगवान गाडी त्यापूर्वींच नागपुरास पोंचलेली असेल. अंतर किलोमीटरांत मोजतात. पण ज्याला बापाच्या उशाशीं वेळेवर पोंचावयाचें आहे, त्यानें तें उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत तासांतच मोजावें.