स्टेपनी आहे, पण ऐन वेळी चालेल का?

रात्री घाटात टायर पंक्चर झाला की डिकीतली स्टेपनी आठवते. पण न वापरलेले रबरही वयाने कडक होते, त्याला भेगा पडतात. जुन्या गाडीत हा धोका जास्त.

वय कसे ओळखाल? टायरच्या बाजूवर ‘डॉट’च्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. दहा वर्षे उलटली असतील, तर नक्षी नवी दिसली तरी टायर बदला. माप इतर चाकांशी जुळवूनच घ्या.

स्टेपनी नसली तर? २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांनाच सूट आहे. जुन्या गाड्यांत अशी यंत्रणा सहसा नसते.

कशी ठेवाल? महिन्यातून एकदा हवा तपासा. डिकीच्या खाचेत पाणी साचू देऊ नका, रिम गंजते. गाडीखाली टांगलेली स्टेपनी पावसाळा संपताच उतरवून धुवा, तिच्या बोल्टला ग्रीस लावा. सीएनजी टाकी बसवली असेल, तर स्टेपनी बाहेर निघते का, हे आजच पाहा. जॅक आणि पानाही जागेवर हवा.

चाक बदलताना हँडब्रेक ओढा, नट आधी सैल करा, मगच जॅक लावा.